मुलाण्याचा हात आणि हलालचा कागद

बेल्हे–जेजुरी रस्त्यावरचं लोणी हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाचं गाव. डिंभे धरणाच्या कालव्यांनी तालुक्याचा बराच भाग बागायती झाला, पण लोणी-धामणीचा पट्टा पावसाच्या भरवशावरच राहिला. अशा गावात शेतीला जोडधंदा लागतोच. कुणी दूध घालतं, कुणी शेळ्या-मेंढ्या नाहीतर कोंबड्या पाळतं. घरच्या बायका पापड-कुरडया, काळा मसाला, लोणची, मासवडी करून विकतात. पलीकडे मंचर आणि नारायणगावला बेकऱ्या आहेत, खानावळी आहेत, मटण-चिकनची दुकानं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या लहान धंद्यांसमोर गेल्या काही वर्षांत हलाल प्रमाणपत्राचा विषय येऊन उभा राहिला आहे.

तो आला कसा, हे आधी पाहायला हवं. तालुक्याच्या कृषी कार्यालयातून किंवा बचत गटाच्या प्रशिक्षणातून तो आला नाही. व्हॉट्सॲपवरच्या पाकिटांच्या फोटोंतून, टीव्हीवरच्या वादांतून, ‘यावर बहिष्कार घाला’ आणि ‘त्याच दुकानातून घ्या’ अशा दोन्ही बाजूंच्या हाकाट्यांतून आला. त्यामुळे लहान उत्पादकाला भांडण ठाऊक झालं, पण काम कळलं नाही. हे प्रमाणपत्र कोण देतं, कशासाठी देतं, आपल्या पापडाला ते लागतं का, लागत नसेल तर कुणी मागितल्यावर काय उत्तर द्यायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. लोणीसारख्या गावाला हलाल नवा नाही. नवा आहे तो त्याचा कागद, आणि त्या कागदाची नीट ओळख करून देणं हे आपलं राहून गेलेलं काम आहे. हा आढावा त्यासाठीच.

गावगाड्यात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या जातात. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगावी यादीत थोडाफार फरक असे, पण मुलाणा बहुतेक याद्यांत सापडतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेचं तपशीलवार वर्णन आहे. भट आणि मुलाणा एका ओळीत बसतात, कारण दोघांचं काम धर्मविधीचं. मशिदीची देखभाल, मुसलमान घरांतली लग्नकार्यं आणि गावासाठी बकरं कापणं हे मुलाण्याकडे असे. बकरं हिंदूच्या घरचं असो, नवसाचं असो की जत्रेचं, घाटावरच्या कित्येक गावांत सुरी मुलाण्याचीच चाले. त्याबद्दल मटणातला वाटा आणि खळ्यावरचं बलुतं त्याला मिळे.

त्याची रीत ठरलेली होती. जनावर जिवंत आणि धडधाकट हवं, सुरीला धार हवी, अल्लाचं नाव घेऊन श्वासनळी, अन्ननळी आणि मानेच्या रक्तवाहिन्या कापायच्या आणि रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. धर्माच्या दृष्टीने यातलं नाव घेणं महत्त्वाचं. गावाच्या दृष्टीने मात्र बाकीच्या गोष्टीही तेवढ्याच मोलाच्या होत्या. मेलेलं किंवा आजारी जनावर कुणी गळ्यात मारत नाही, याची ती खात्री होती. बकरं कुणाच्या कळपातलं हे ठाऊक, ते सकाळी चरताना पाहिलेलं, कापणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आणि दुपारपर्यंत ते भाकरीसोबत ताटात. फ्रीज नसलेल्या काळात याहून चांगली तपासणी कोणती असणार?

दोन्ही धर्मांची ही सरमिसळ फक्त सुरीपुरती नव्हती. लोणीच्या शेजारी धामणीला म्हाळसाकांत खंडोबाचं जुनं देवस्थान आहे. खंडोबाला मल्लूखान म्हणून मानणारे मुसलमान भक्तही होते, याची नोंद खंडोबाच्या अभ्यासकांनी केलेली आहे. हा सगळा इतिहास गोड करून सांगण्याची मात्र गरज नाही. ज्या व्यवस्थेत मुलाण्याला मान होता, तिच्यातच महार-मांगांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढणं आलं होतं. हिंदू खाटिकांचाही स्वतःचा धंदा आणि स्वतःची रीत होतीच. तरी हे खरं की या मुलखात मांसाचा ‘हलाल’पणा शेकडो वर्षं माणसाच्या तोंडओळखीवर उभा होता. त्याला शिक्का लागत नव्हता, फी लागत नव्हती आणि त्यावरून गावात दोन तट पडत नव्हते.

कागद आला तो अंतर वाढल्यावर. खाणारा आणि करणारा एकमेकांना दिसेनासे झाले, मधे कारखाना आला, कारखान्यात रसायनं आली, तेव्हा तोंडओळख पुरेनाशी झाली. मुसलमान देशांत ही अडचण आधी जाणवली. १९८८ साली इंडोनेशियात ब्राविजाया विद्यापीठातल्या एका संशोधकाने बाजारातल्या अनेक पदार्थांत डुकराची चरबी किंवा तिच्यापासून केलेले घटक असल्याचं म्हटलं आणि बिस्किटं, दूध, नूडल्स यांची विक्री कोसळली. त्यातून १९८९ च्या जानेवारीत तिथल्या उलेमा परिषदेने तपासणीची संस्था काढली. पुढे २००१ मध्ये तिथे अजिनोमोटोचं प्रकरण झालं. मसाल्याच्या त्या पांढऱ्या पुडीत डुकराचा अंश नव्हता. पुडी तयार करणाऱ्या जिवाणूंना जे खाद्य दिलं गेलं, ते बनवताना डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं होतं. एवढ्यावरून माल बाजारातून परत घ्यावा लागला. उलेमा परिषद हराम म्हणाली, तर राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हलाल म्हणाले. आजचं हलाल प्रमाणपत्र म्हणजे बकरं कापण्याच्या विधीचा दाखला, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात अशा न दिसणाऱ्या घटकांच्या मागे लागलेला आहे, हे या प्रकरणावरून कळतं.

आणि ही काळजी फक्त मुसलमानांची आहे असंही नाही. १९८३ साली भारतात वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा देशभरातल्या हिंदू-जैन घरांत केवढी अस्वस्थता पसरली होती ते त्या पिढीतल्या लोकांना आठवत असेल. पुढे पाकिटबंद खाण्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका बंधनकारक झाला, तोही ‘मी काय खातो ते मला कळू द्या’ याच मागणीला दिलेलं उत्तर होतं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांनी त्यांच्या कोशेरचे नियम किती काळ जपले, तेही याच मातीतलं उदाहरण आहे. श्रद्धेने खाणाऱ्याला खाण्याची खात्री हवी असते. तिची कुचेष्टा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता भारतातला कायदा काय म्हणतो ते पाहू. इथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत.

देशात विकायच्या कोणत्याही खाद्यपदार्थाला हलाल प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण, हलालचा दाखला देत नाही. तो देतात खासगी आणि धार्मिक संस्था: चेन्नईची हलाल इंडिया, दिल्लीचा जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, मुंबईतली हलाल कौन्सिल ऑफ इंडिया, जमियत उलेमाची महाराष्ट्र शाखा अशा काही. धर्माच्या रीतीप्रमाणे प्राणी कापण्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या २८ व्या कलमाने मोकळीक आहे. हलाल कत्तलीवर बंदी घाला, ही मागणी घेऊन आलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळली.

निर्यातीचा मामला वेगळा. एपीडाने, म्हणजे शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मांस निर्यातीच्या पुस्तिकेतून ‘हलाल’ हा शब्द काढला, कारण ही अट सरकारची नव्हती, घेणाऱ्या देशांची होती. पण घेणारे देश दाखला मागतच राहिले आणि दाखला देणाऱ्यांवर देखरेख कुणाचीच नव्हती. म्हणून भारतीय गुणवत्ता परिषदेने ‘आय-कॅस हलाल’ ही योजना केली आणि परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाने २०२३ मध्ये तिचे नियम जाहीर केले. १६ ऑक्टोबर २०२४ पासून संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेश अशा १५ देशांना हलाल म्हणून जाणाऱ्या मांसाला या योजनेखालचा दाखला बंधनकारक झाला. दाखला देणारी संस्था राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यताप्राप्त हवी. म्हणजे या देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर सरकारच हलालचा कागद मागतं, आणि तो कुणी द्यायचा हेही सरकारच ठरवतं.

याच मधल्या काळात, १८ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेश सरकारने हलाल दाखला असलेल्या मालाचं उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर राज्यात बंदी घातली. निर्यातीचा माल वगळला. दाखला देणाऱ्या संस्थांवर लखनौत गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथे सॉलिसिटर जनरलनी सिमेंट आणि लोखंडी सळयांनाही हलालचा दाखला दिला जातो, असा मुद्दा मांडला. जमियतच्या ट्रस्टने आपल्यावरचा तो आरोप नाकारला.

महाराष्ट्रात १० मार्च २०२५ रोजी मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार सर्टिफिकेशन’ जाहीर केलं: हिंदू खाटिकांनी चालवलेल्या झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणाच्या दुकानांसाठी. त्याआधी २०२४ मध्ये त्र्यंबकेश्वरला प्रसादाच्या दुकानांसाठी ‘ओम’ प्रमाणपत्राची सुरुवात झाली. हे दाखलेही हलालसारखेच ऐच्छिक आहेत. त्यांनी अन्नसुरक्षा कायद्याची जागा घेतलेली नाही.

इतकं सगळं देशाच्या पातळीवर घडलं. त्यातलं लोणीच्या घरगुती धंद्याला लागू पडतं ते किती? फारच थोडं. एकेक पदार्थ घेऊन बघू या.

मासवडी या मुलखाची शान. नावात मासा, आकारही माशासारखा, पण आत बेसनाची घोटलेली पोळी आणि तीळ, खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण. यात हलाल-हरामचा प्रश्न उद्भवतच नाही. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, काळा मसाला, गूळ, शेंगदाण्याची चटणी यांचंही तेच. वनस्पतीपासून झालेलं, नशा न आणणारं आणि बिनविषारी अन्न मुळातच हलाल असतं, हे इस्लामी धर्मशास्त्राचं सर्वमान्य सूत्र आहे. जुन्नरची द्राक्षं आणि कांदा आखाती देशांत जातो तेव्हा त्याला हलालचा दाखला लागत नाही. त्याला रोग-किडीचा फायटोसॅनिटरी दाखला आणि औषधाच्या अंशाची तपासणी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली, तेव्हापासून इथल्या बागायतदाराला कागदाची किंमत चांगली कळली आहे. कोणता ग्राहक कोणता कागद मागतो आणि का मागतो, हे तो नीट ओळखतो. हेच शहाणपण घरगुती खाद्यधंद्यापर्यंत पोचायला हवं.

द्राक्षाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगावला इंडेजची वायनरी उभारली. द्राक्ष हलाल, त्याचा बेदाणा हलाल, त्याची वाइन हराम, आणि वाइन आपोआप आंबून व्हिनेगर झालं तर ते पुन्हा हलाल, असं बहुतेक शास्त्रकार मानतात. एकाच फळाची ही चार रूपं लक्षात ठेवली की प्रक्रिया म्हणजे काय आणि तपासणारा नेमकं काय पाहतो, याची चांगली कल्पना येते. लोणची, सॉस करणाऱ्या गटाने व्हिनेगर कोणतं वापरलं हे लिहून ठेवावं ते याचसाठी.

दुधाचं पाहू. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा हे सारं हलाल. पनीर लिंबू किंवा सायट्रिक आम्लाने फाडलं तर प्रश्न नाही. प्रश्न येतो चीजमध्ये, कारण दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि जुन्या युरोपीय पद्धतीत ते वासराच्या पोटातून काढतात. भारतात हिरवा ठिपका लावून विकल्या जाणाऱ्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. मंचरजवळ अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्सचा मोठा दूध आणि चीज प्रकल्प आहे, त्यामुळे या भागातल्या दूध उत्पादकाला चीज परकं राहिलेलं नाही. उद्या गावातल्या एखाद्या गटाने मोझरेला करायचं ठरवलं तर रेनेटच्या बाटलीवरचं लेबल जपून ठेवणं हीच त्याची पहिली तयारी. पेढ्यावरच्या वर्खाचा प्रश्न उलट बाजूचा. चांदीचा वर्ख पूर्वापार जनावरांच्या आतड्याच्या पडद्यांत ठेवून कुटला जाई. त्याची अडचण मुसलमानांपेक्षा शाकाहारी हिंदू आणि जैनांना अधिक.

बेकरीत मात्र खरोखर लक्ष घालावं लागतं. नानकटाई, खारी, टोस्ट, केक यांत घरच्या कणकेपलीकडचे बरेच पदार्थ असतात. ई-४७१ हा घटक पिठाला मऊपणा देतो. तो पाम तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. पाव फुगवायच्या ‘इम्प्रूव्हर’मध्ये एल-सिस्टीन असू शकतं आणि ते पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात. ई-१२० हा लाल रंग कीटकांपासून होतो. केकवरच्या जेलीत जिलेटिन असू शकतं. व्हॅनिला इसेन्स अनेकदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो आणि अल्कोहोलचा किती अंश चालतो याचे निकष देशोदेशी वेगळे आहेत. मलेशियाचे तपासनीस तर तूप-अंडं लावायचा ब्रश डुकराच्या केसांचा आहे का तेही पाहतात.

पण इथे आपल्याकडे एक सोय आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. कच्च्या मालाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर चरबी, जिलेटिन, कीटकांचा रंग, प्राण्यांचं एन्झाइम हे सगळे प्रश्न तिथेच मिटतात. उरतो तो अल्कोहोलचा आणि भांडी-जागा वेगळी ठेवण्याचा. हिरव्या ठिपक्याच्या मालावर चालणाऱ्या बेकरीवाल्याने हलालच्या बहुतेक अटी न मागता पाळलेल्या असतात. युरोपात किंवा अमेरिकेत असा ठिपका सक्तीचा नाही, म्हणून तिथल्या मुसलमान ग्राहकाला बिस्किटाच्या पुड्यावरही हलालची खूण शोधावी लागते. त्या बाजारासाठी केलेला माल त्याच खुणेसह आपल्या दुकानात आला आणि मग ‘बिस्किटाला कशाला हलाल?’ हा वाद पेटला. कारखानदाराच्या दृष्टीने उत्तर साधं आहे: एकच पाकीट छापलं की ते दोन्हीकडे चालतं.

आता मटण-चिकन. गावच्या आणि बाजारपेठेच्या दुकानात मुसलमान गिऱ्हाईक ‘कुणी कापलं?’ एवढंच विचारतं. ओळखीचं नाव ऐकलं की ते घेतं. कित्येक ठिकाणी दुकान हिंदूचं आणि सकाळी कापायला येणारा मुलाणी, अशी जोडी चालत आली आहे. ज्याला झटक्याचं मटण हवं, शीख असो वा हिंदू, त्यालाही ते मागण्याचा तेवढाच हक्क आहे आणि दुकानदाराने खरं ते सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. कागद लागतो तो मोठ्या खरेदीदाराला: विमान कंपनी, पंचतारांकित हॉटेल, आखाती निर्यातदार.

इथे हिंदू खाटिकांची एक तक्रार मला रास्त वाटते. हलाल दाखल्याच्या नियमांनी कापणारा सहसा मुसलमान असावा लागतो. मोठे खरेदीदार सरसकट हलालच मागू लागले, तर परंपरेने हेच काम करणाऱ्या समाजाला त्या साखळीत सुरी धरायची जागा उरत नाही. ही रोजगाराची तक्रार आहे आणि तिला रोजगाराचंच उत्तर द्यायला हवं: दोन्ही प्रकारचं मांस वेगळं, स्पष्ट लिहून विकण्याची सोय, आणि सरकारी खरेदीत दोघांना वाव. ‘मल्हार’च्या निमित्ताने ती तक्रार ऐकू आली हे चांगलं झालं. पण शेजारच्या दुकानावर बहिष्कार टाका, असा तिचा अर्थ लावला जातो तेव्हा नुकसान दोघांचंही होतं. बकरं पाळणारा धनगर किंवा शेतकरी बहुधा हिंदूच असतो आणि त्याला बकरी ईदला मिळणारा भाव वर्षात पुन्हा मिळत नाही.

दाखला देणाऱ्या संस्थांवरही टीका व्हायला हवी. त्यांचे निकष एकमेकांशी जुळत नाहीत. एकीचा दाखला एका देशात चालतो, दुसऱ्यात चालत नाही. यंत्राने कापलेल्या किंवा आधी विजेचा झटका देऊन बेशुद्ध केलेल्या कोंबडीबद्दल तर मुसलमान शास्त्रकारांतच एकमत नाही. लहान उत्पादकाला फी किती, तपासणी कोण करणार, नूतनीकरण कधी, हे विचारायला सोपी जागा नाही. देशांतर्गत मालासाठी या संस्थांवर सरकारी देखरेख नसल्याने खरा दाखला आणि कुणीतरी छापलेली खूण यांतला फरक ग्राहकाला कळत नाही. मांस निर्यातीत ‘आय-कॅस’ने जी शिस्त आणली, तशी नोंदणी आणि जाहीर दरपत्रक देशांतही सक्तीचं करावं. बंदीने ते साधत नाही. बंदीने फक्त छपाई थांबते, मागणी राहतेच.

आणखी एक गैरसमज दोन्ही बाजूंना आहे: हलाल म्हणजे स्वच्छ. स्वच्छता हा हलालच्या कल्पनेचा भाग आहे, पण हलालचा दाखला अन्नसुरक्षेचा दाखला होत नाही. उघड्यावर टांगलेलं मटण हलाल असलं तरी माशांनी घेरलेलंच असतं, आणि झटका असलं तरी तसंच. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याची नोंदणी-परवाना पद्धत २०११ पासूनची. २०११ च्या त्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान धंद्याला फक्त नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिची फी ठरली वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी क्रमांक मिळतो. केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना आणली, तेव्हा दिलेल्या माहितीप्रमाणे देशात असे सुमारे पंचवीस लाख नोंदणी नसलेले धंदे होते. त्यातले सुमारे ६६ टक्के खेड्यांत, आणि सुमारे ८० टक्के कुटुंबानेच चालवलेले. हा स्वस्तातला कायदेशीर कागद नसताना हलालच्या कागदावर आपण इतकं बोलतो आहोत, याचं मला वाईट वाटतं.

लहान धंद्यांना हलालच्या चौकटीत कसं आणायचं याचा सर्वांत मोठा प्रयोग इंडोनेशियात चालू आहे. तिथल्या २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने बाजारातल्या मालाला हलालचा दाखला सक्तीचा केला. जो माल हलाल नाही तो विकायला बंदी नाही, पण तसं स्पष्ट लिहावं लागतं. खाद्यपदार्थांसाठी मुदत होती १७ ऑक्टोबर २०२४. रस्त्यावर भजी तळणाऱ्या, घरात केळ्याचे वेफर्स करणाऱ्या असंख्य लोकांना ते जमणार नाही हे दिसल्यावर सूक्ष्म आणि लहान धंद्यांना दोन वर्षं वाढवून दिली. त्यांच्यासाठी ‘स्वयंघोषणे’ची वाट काढली. माल धोका नसलेला आणि प्रक्रिया साधी असेल तर उत्पादक स्वतः लिहून देतो, एक प्रशिक्षित सोबती येऊन घटकांची यादी आणि जागा पाहतो, आणि सरकारी योजनेतून दाखला मोफत मिळतो.

भारतात अशी सक्ती येऊ नये, असं मला वाटतं. अनेक धर्मांच्या देशात एका धर्माच्या आहारनियमाची सक्ती करणं चूक आणि त्यावर बंदी घालणंही चूक. पण तिथल्या सोबत्याची कल्पना मात्र आपण जरूर उचलावी. गावात येऊन शेजारी बसणारा, ‘हा डबा दाखवा, याच्यावर काय लिहिलंय ते वाचू’ असं म्हणणारा माणूस आपल्या बचत गटांना हवा आहे. हलालसाठीच असं नाही. तीच यादी जैन गिऱ्हाइकाला, उपासाच्या गिऱ्हाइकाला, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईलाही लागते.

ही माणसं तयार करायला संस्था नव्या काढाव्या लागणार नाहीत. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. लोणीपासून जवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकणं हीच त्याची ओळख. ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. त्यांच्या अन्नप्रक्रियेच्या प्रशिक्षणात एक तास या विषयाला द्यावा: घटकांची वही कशी ठेवायची, पुरवठादाराकडून लेखी काय घ्यायचं, हिरव्या ठिपक्याने काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, आणि हलालचा दाखला कधी खरोखर लागतो.

आणि लोणी, धामणी, पाबळ, बेल्हे, मंचर कुठेही पापड लाटणाऱ्या, मसाला कांडणाऱ्या, बेकरी चालवणाऱ्या भावा-बहिणींना एवढंच सांगायचं आहे. कुणी येऊन ‘हलाल काढून देतो, इतके पैसे द्या’ म्हणालं तर आधी विचारा, कोणत्या खरेदीदाराने तो मागितला आहे, आणि त्याची मागणी लेखी घ्या. कुणी ‘हलालवाल्याला माल देऊ नका’ म्हणालं तर त्याला तुमचा माल कशाचा आहे ते दाखवा. अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर ती या महिन्यात करून घ्या. आणि आजच एक वही घेऊन प्रत्येक पदार्थात काय पडतं, ते कुठून आलं आणि त्याच्या पाकिटावर काय लिहिलं आहे, हे लिहायला लागा. मुसलमान असो, जैन असो की आणखी कुणी, तुमच्या गिऱ्हाइकाला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर त्या वहीत असेल.